निवासी डॉक्टर आणि अधिवासाचा दाखला

‘निवासी डॉक्टर’ या संज्ञेतील निवास हा मुळात शब्दशः निवासच होता. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली सुरू झाले. तेथे विल्यम ऑस्लर यांनी अशी पद्धत रुजवली की, वैद्यकशास्त्रात प्रावीण्य मिळवू इच्छिणाऱ्या तरुण पदवीधरांनी रुग्णालयातच राहावे आणि रोग्याच्या खाटेपाशी उभे राहून शिकावे. आपल्याकडील एम.डी. मेडिसीनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम याच परंपरेतील.

भारतात मात्र या निवासाला दुसराच अर्थ चिकटला. तुम्ही रुग्णालयात राहता की नाही, यापेक्षा तुम्ही कोणत्या राज्याचे रहिवासी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला. राज्यांची बाजू मला, अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून, समजते. महाविद्यालय राज्याच्या तिजोरीतून चालते. तयार झालेला डॉक्टर परप्रांतात निघून गेला, तर गुंतवणुकीचा परतावा दुसऱ्याच्या पदरात पडतो. परंतु १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी स्पष्ट केले की, भारतीय नागरिकाचा अधिवास एकच, आणि तो म्हणजे भारत. एम.बी.बी.एस.साठी राहण्याच्या आधारावर काही जागा राखण्यास न्यायालयाने मुभा दिली. पदव्युत्तर शिक्षणासाठी ती नाकारली. तेथे त्याच संस्थेच्या पदवीधरांना मर्यादित प्राधान्य तेवढे मान्य केले. पुढे अखिल भारतीय कोटा आला. पदव्युत्तर जागांमध्ये तो आधी पंचवीस टक्के होता, २००५ पासून पन्नास टक्के झाला.

निकाल इतका निःसंदिग्ध असूनही अर्जांच्या नमुन्यांतून अधिवासाचा रकाना काही हलला नाही. याचा प्रत्यय मला २०२३ मध्ये आला. माझ्या बदल्यांमुळे कन्येची शाळा तीन राज्यांत झाली. एम.बी.बी.एस. तिने चौथ्या राज्यात केले. त्या राज्यात साडेपाच वर्षे राहूनही तेथील कोट्यासाठी लागणारा दाखला तिला मिळेना. महाराष्ट्राचा तर प्रश्नच नव्हता. ‘साहेब, आपण नेमके कुठले?’ असे खिडकीवरील लिपिकाने विचारले. प्रश्न उद्धट नव्हता. उत्तर माझ्यापाशी नव्हते. अखेर अखिल भारतीय कोट्यातून तिला मेडिसीन मिळाले, पण देशाच्या दुसऱ्या टोकाला.

२९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील अधिवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. आधीचे प्रवेश अबाधित राखले. १९८४ चेच तत्त्व पुन्हा सांगायला एकेचाळीस वर्षे लागली. संस्थात्मक प्राधान्य मात्र कायम राहिले. राज्यांसाठी ती सोयीची मागची वाट आहे, असे माझे मत.

असो. ऑस्लर यांच्या अर्थाने मात्र कन्या पूर्ण निवासी झाली. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत दिवसाला बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातलेली आहे. तिच्या पाळ्या कधी कधी छत्तीस तास चालत. ते परिपत्रक मी तिला पाठवले, तेव्हा ती नुसती हसली. नंतर बँकेचा अर्ज भरताना तिने दूरध्वनी केला : ‘बाबा, कायमचा पत्ता काय लिहू?’ मी सातारा जिल्ह्यातील आमच्या कुलूपबंद घराचा पत्ता सांगितला. पिनकोड मला शोधावा लागला.