ल्यूथरची म्हणींची वही

म्हणींची ही वही मार्टिन ल्यूथरच्या (१४८३–१५४६) हस्ताक्षरातली. धर्मसुधारणेच्या वादांत पुरता गुंतलेला असतानाही त्याने ४८९ जर्मन म्हणी आणि वाक्प्रचार स्वतः लिहून काढले. आज ही वही ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

इरास्मसने ग्रीक-लॅटिन सुभाषितवचनांचा कोश १५०० पासून वाढवत नेला होता. पण ती मिरास पंडितांची. लोकांच्या तोंडच्या जर्मन म्हणी ल्यूथरचाच सहकारी योहानेस आग्रिकोला याने १५२९ च्या सुमारास छापल्या, त्याही प्रत्येकीवर लांबलचक विवेचन करून. ल्यूथर विवेचनाच्या वाटेला जात नाही. नुसती म्हण लिहितो आणि पुढे सरकतो. त्यामुळे ही वही छपाईसाठी नव्हे, तर लिहिता-बोलताना हाताशी असावी म्हणून केलेली असावी, असे वाटते.

या वहीचे मोल कळायचे तर १५३० चे त्याचे भाषांतरविषयक पत्र आठवावे. घरातली आई, रस्त्यावरची मुले आणि बाजारातला साधा माणूस कसा बोलतो ते ऐका, असे त्याने त्यात बजावले. त्याच वर्षी कोबुर्गच्या किल्ल्यात राहून तो इसापच्या कथाही जर्मनमध्ये आणत होता. १५३४ मध्ये पूर्ण बायबल जर्मन भाषेत निघाले, त्यामागे ऐकण्याची हीच चिकाटी होती.

ल्यूथरच्या हयातीत वही छापली गेली नाही. एर्न्स्ट थीले यांनी १९०० मध्ये वायमार येथून ती सटीप प्रसिद्ध केली.