तुळस आणि सब्जा

नातेपुत्यात तुळस कुणाला दाखवून द्यावी लागत नाही. ज्ञानोबांची पालखी बरडहून निघते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि आमच्या गावी मुक्काम करते. त्या दिवशी बायकांच्या डोक्यांवरून कितीतरी तुळशी गावात येतात.

सब्जा हा तुळशीचा सख्खा भाऊच. लिनियसनं १७५३ साली दोघांना एकाच गोतात बसवलं. तिकडं इटलीत सब्ज्याच्याच जातीच्या पानांची चटणी करतात म्हणे. आमच्याकडं तो मोरीच्या पाण्यावर वाढायचा. मुसलमानांत कबरीवर लावायची चाल. काळं बी भिजवलं की भोवती बुळबुळीत पडदा धरतं. ते उन्हाळ्यात सरबतात घालायचं. तुळशीचा काढा मात्र खोकल्याला.

रोपं लहान असली की दोन्ही सारखीच दिसतात, आणि तिथंच मी फसलो. बहात्तरच्या दुष्काळात आमची तुळस वाळली. प्यायच्या पाण्याचीच मारामार, तर वृंदावनात कोण घालणार? रिकामं वृंदावन आजीला बघवत नव्हतं. चैत्रात मी शेजारच्या मुलाणी चाचीच्या परसातनं, कुणाला न विचारता, एक रोप उपटून आणलं. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं हात फिरवला, कुंकू वाहिलं. रोज आपल्या वाटणीचं तांब्याभर पाणी ती त्याला घालायची.

आषाढात पालखी आली. ओसरीवर उतरलेल्या एका वारकरी बाईनं पान चुरगाळून हुंगलं. तुळशीचा वास लवंगेसारखा तिखट, हा गोडसर. पान मोठं, गुळगुळीत, फुलं पांढरी. तुळशीची जांभळट असतात.

"माउली, ही तुळस न्हवं. सब्जा हाय."

माझे पाय लटपटले. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इतकं दिस पाणी घातलं, आता उपटू व्हय?"

त्या बाईनं आपल्या वृंदावनातलं एक रोप काढून दिलं. ते वृंदावनात लागलं. सब्जा मुळाच्या मातीसकट मोरीपाशी गेला.

चाचीला सगळं आधीच ठाऊक होतं. "आक्का रोज दिवा लावीत व्हत्या," ती नंतर आईला म्हणाली, "म्या कसं बोलू?"

मंजिऱ्या वाळल्यावर आजीनं त्या चोळून बी काढलं. अर्धी वाटी चाचीकडं द्यायला मलाच पाठवलं.