वारकरी-सेवा (वडगाव निंबाळकर परिसर)

आषाढी वारीस निघालेल्या यात्रेकरूंना वाटेवरील गावकऱ्यांनी अन्न, पाणी, निवारा आणि अंगमेहनत मोबदल्यावाचून पुरवावी, ही वारकरी संप्रदायातील जुनी वहिवाट. बारामती व इंदापूर तालुक्यांत तिचे स्वरूप विशेष ठसठशीत आहे, कारण दोन प्रमुख पालख्या येथून जातात. सासवडहून निघणारी संत सोपानदेवांची पालखी नीरा–बारामती रस्त्याने सोमेश्वरनगर, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे ही गावे घेत बारामतीस येते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेला देहूचा पालखी-सोहळा उंडवडी, बारामती, काटेवाडी, बेलवाडी, इंदापूर असे मुक्काम व विसावे करीत सराटीस पादुकांना नीरास्नान घालून सोलापूर जिल्ह्यात उतरतो.

या सेवेत नमस्काराची दिशा उलटी असते. लौकिक व्यवहारात उपकृत होतो तो घेणारा. येथे पंगतीस वाढणारा यजमान जेवणाऱ्याच्या पाया पडतो, कारण पंढरीच्या वाटेवरचा प्रत्येक जण, मग तो कोणत्याही वयाचा वा जातीचा असो, ‘माउली’ होय, आणि माउलीने आपली भाकरी स्वीकारली हाच यजमानाचा लाभ मानला जातो. एरवी पाण्याचा तांब्याही जागेवर मागून घेणारा बागाईतदार त्या दिवशी एखाद्या अनोळखी वृद्धेच्या भेगाळलेल्या टाचांना तेल चोळीत बसलेला दिसतो. गावोगाव घरटी भाकऱ्या गोळा होतात. कोणाची ज्वारीची, कोणाची बाजरीची, एखादीची कड करपलेली. त्या सर्व एकाच पाटीत पडल्या की कोणती कोणाच्या चुलीवरची हे ओळखण्याची सोय उरत नाही. पिठल्याची कढई मात्र बहुधा सामाईक असते.

ज्याचा जो धंदा तीच त्याची सेवा, असाही शिरस्ता आहे. काटेवाडीस परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतो. अन्यत्र नाभिक बंधू हजामत करून देतात, चर्मकार चपलांचे तुटलेले अंगठे शिवून देतात, आणि मोबदल्याचा हिशेब तेवढ्यापुरता बाजूला ठेवलेला असतो. यात कारागिराच्या कौशल्याचा गौरव आहे खरा. परंतु जातीने नेमून दिलेले काम भक्तीच्या नावानेही त्याच जातीकडे राहते, हे वैगुण्य दृष्टीआड करता येत नाही. त्याचे उत्तर गाडगेबाबांनी (1876–1956) आचरणाने दिले. जन्माने परीट असलेल्या या पुरुषाने हाती खराटा घेतला, आणि स्वतः देवळात न जाता यात्रेची घाण काढली. पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा उभारली ती ज्यांना अन्यत्र थारा नव्हता त्यांच्यासाठी.

नीरा डाव्या कालव्याने समृद्ध झालेल्या या पट्ट्यात अन्नदानाचे प्रमाण वाढणे स्वाभाविकच होते. उंडवडीकडील जिराईत गावेही पाण्याची ददात सोसून मागे राहत नाहीत, ही गोष्ट अधिक मोलाची. अलीकडे पालखी-मार्गावरील कमानींवर दात्यांची भव्य छायाचित्रे झळकू लागली आहेत. त्यांना जाहिरात म्हणावे; सेवा म्हणता येणार नाही.