पाटपाण्याने आखलेली सहकाराची सीमा

दख्खनच्या कोरडवाहू खेड्यांत सहकार आला तो कर्जाच्या प्रश्नातून. १८७५ साली सुप्यापासून पसरलेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि १८७९ च्या कायद्याने सावकारी वसुलीला आळाही बसला. परंतु पेरणीसाठी पैसा आणायचा कोठून हे कोडे तसेच राहिले. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने त्यावर अमर्याद जबाबदारीचा, म्हणजे प्रत्येक सभासदाने सर्वांच्या कर्जाला जामीन राहण्याचा, मार्ग सुचवला खरा. मात्र जेथे सगळ्यांचेच पीक एका पावसावर अवलंबून असते, तेथे असा जामीन दुष्काळात टिकणे अवघड होते.

प्रवरा खोऱ्यात हे चित्र पाटपाण्याने, म्हणजे धरणातून कालव्यांवाटे येणाऱ्या पाण्याने, बदलले. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले. पाटाखालच्या जमिनीत ऊस वाढला, पण त्याचा रस गुऱ्हाळात काहिलीत आटवून केलेल्या गुळाचे भाव जागतिक मंदीत कोसळले. १९३२ च्या संरक्षक जकातीने साखरधंदा फायद्याचा झाला, तरी तो नफा प्रामुख्याने खासगी कंपन्यांच्या पदरी पडला. सासवडच्या माळी बागायतदारांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना उभारला, परंतु तोही संयुक्त भांडवली कंपनीच्या रूपाने.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी याहून वेगळी रचना केली. १९४८ च्या अखेरीस नोंदवलेल्या आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्यात ऊस पिकवणाराच भागधारक होता, आणि भाग कितीही असले तरी त्याला मत एकच होते. मुंबई राज्याचे अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांच्या पाठबळाने सरकारी व सहकारी भांडवल मिळाले, आणि गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. तोडलेल्या उसातील साखर लवकर घटत असल्याने कोणाचा ऊस केव्हा तोडायचा हे कारखान्यानेच ठरवावे लागे. त्यामुळे तोडणी, वाहतूक आणि पीककर्जाची वसुली एकाच व्यवस्थेत गुंफली गेली, आणि उसाच्या बिलातून कर्ज कापून घेता येऊ लागल्याने जुन्या पतसंस्थांना जे साधले नव्हते ते येथे साधले. या यशाचे श्रेय केवळ सद्भावनेला देणे अपुरे आहे. त्यामागे खात्रीचे पाणी आणि खात्रीची वसुली होती.

परंतु भाग घेण्याची पात्रता उसावर आणि ऊस पाण्यावर अवलंबून असल्याने सभासदत्वाची सीमा कालव्यानेच आखली. पाटाच्या वरच्या अंगाचा कोरडवाहू शेतकरी तिच्याबाहेर राहिला, आणि पुढील दशकांत बीड, पाथर्डीसारख्या दुष्काळी भागांतून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन सहकुटुंब येणारे ऊसतोड कामगारही बाहेरच राहिले. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ अशी त्यांची गणना होत असे, आणि ज्या कारखान्यांचा हंगाम त्यांच्या श्रमावर चाले, त्यांच्या सभासद नोंदवहीत या जोडीला जागा नव्हती.