‘घरातच थांबा’ : लंडनचे टॉवर आणि रहिवाशांना न सांगितलेल्या गोष्टी

उंच इमारतीत आग लागली तर काय करायचे, या प्रश्नाला आपल्याकडे बहुतेक जण एकच उत्तर देतील : लिफ्टच्या नादी न लागता जिन्याने खाली उतरायचे. ब्रिटनमधल्या टॉवरांत राहणाऱ्यांना मात्र अर्धशतकाहून अधिक काळ वेगळेच सांगितले गेले. आग तुमच्या घरात लागली असेल तर बाहेर पडा; दुसऱ्या कोणाच्या घरात लागली असेल, तर दार लावून आपल्या घरातच थांबा. ‘स्टे पुट’ या दोन शब्दांनी हा सल्ला ओळखला जातो. २०१७ साली ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर तो जगभर कुप्रसिद्ध झाला. पण तो मुळात वेडगळ नव्हता. त्यामागे एक हिशोब होता आणि तो हिशोब इमारतीच्या भिंती, दारे आणि सांधे यांच्यावर उभा होता.

ग्रेनफेल, त्याआधीचे लाकानल हाउस आणि त्याच्याही आधीचे रोनन पॉइंट या तीन दुर्घटनांवरील चौकश्यांचे निष्कर्ष एकापुढे एक ठेवून वाचताना मला एक धागा सलग दिसत गेला. प्रत्येक वेळी इमारतीत काहीतरी बदलले होते किंवा मुळातच चुकले होते. ते कोणाच्या तरी कागदावर होते, किंवा रहिवाशांच्या डोळ्यांना आणि नाकाला कळत होते. पण जिन्यावरून ये-जा करणाऱ्या माणसापर्यंत कागद पोहोचत नव्हता आणि त्या माणसाचे म्हणणे कागदापर्यंत पोहोचत नव्हते. त्या न झालेल्या देवाणघेवाणीचा हा इतिहास आहे.

सल्ल्याचा जन्म

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये घरांची भीषण टंचाई होती. बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या आणि त्याआधीच मोडकळीस आलेल्या वस्त्यांच्या जागी स्थानिक पालिकांनी, म्हणजे कौन्सिलांनी, भाड्याने देण्यासाठी उंच टॉवर बांधले. इतक्या उंचीवर अग्निशमन दलाच्या शिड्या पोहोचत नव्हत्या. तेव्हा १९६२ साली ८० फुटांहून उंच निवासी इमारतींसाठी अग्निसुरक्षेची एक आचारसंहिता आली. तिचे गृहीतक असे : प्रत्येक फ्लॅट हा काँक्रीटचा बंद डबा आहे. एका डब्यात आग लागली तर ती तासभर तिथेच कोंडून राहील. तेवढ्यात बंब येतील, जवान वर चढतील आणि आग विझवतील. शेजाऱ्यांनी जिन्यात गर्दी करण्याचे कारणच नाही.

या गृहीतकाचे परिणाम आराखड्यांत उतरले. सगळ्यांनी एकदम बाहेर पडायचेच नसेल तर एक जिना पुरतो. सगळ्यांना एकदम उठवायचे नसेल तर इमारतभर वाजणारी धोक्याची घंटा लागत नाही. म्हणजे ‘घरातच थांबा’ ही केवळ सूचना राहिली नाही, ती इमारतीतच ओतली गेली. बहुतेक वेळा ती बरोबरही ठरली. उंच इमारतींतल्या असंख्य आगी एका घरात लागल्या आणि त्याच घरात विझल्या. मात्र हा सल्ला प्रत्यक्षात एक आश्वासन होते, आणि डबा बंद असेल तोवरच ते खरे होते. डबा बंद आहे की नाही, हे रहिवाशाला कोण सांगणार, याबद्दल कोणी फारसा विचार केला नव्हता.

रोनन पॉइंट : वासाने सांगितलेले सत्य

पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागातला रोनन पॉइंट हा २२ मजली टॉवर १९६८च्या मार्चमध्ये राहण्यासाठी खुला झाला. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या मोठ्या फळ्या एकमेकींवर रचून तो उभारला होता. ही पद्धत डेन्मार्कची होती आणि मुळात बऱ्याच कमी मजल्यांच्या इमारतींसाठी तयार झाली होती. १६ मे १९६८ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. गळलेल्या गॅसचा स्फोट झाला, बाहेरची भिंत ढकलली गेली आणि इमारतीचा एक कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण मेले, १७ जखमी झाले. त्या बाई स्वतः वाचल्या.

ह्यू ग्रिफिथ्स यांच्या चौकशीनंतर बांधकामाचे नियम बदलले. अशा पद्धतीच्या उंच इमारती तपासाव्यात, मजबूत कराव्यात आणि तोवर तिथला गॅस बंद ठेवावा, असे सरकारने कौन्सिलांना कळवले. रोनन पॉइंटचा कोपरा पुन्हा बांधला गेला आणि लोक तिथे पुन्हा राहायला आले.

यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. सॅम वेब नावाच्या वास्तुविशारदाने या टॉवरचा पिच्छा सोडला नाही. दुसऱ्याच्या घरातला स्वयंपाकाचा वास आपल्या घरात येतो, आवाज येतात, अशा रहिवाशांच्या तक्रारी त्यांनी शेजाऱ्यांची कुरबुर म्हणून सोडून दिल्या नाहीत. वास येतो तिथून धूर येणार, आणि धूर येणार असेल तर ‘बंद डबा’ बंद नाही. भिंत आणि जमीन यांच्यामध्ये फटी होत्या. अखेर १९८४ मध्ये टॉवर रिकामा करण्यात आला. १९८६ मध्ये तो सुरुंग न लावता मजल्यामजल्याने उतरवला गेला, तेव्हा ज्या सांध्यांत घट्ट मसाला भरलेला असायला हवा होता, त्यांत पोकळ्या आणि वर्तमानपत्रांचे बोळे सापडले. रहिवाशांच्या नाकाने जे सांगितले होते, ते सिद्ध व्हायला १८ वर्षे आणि एक संपूर्ण इमारत लागली.

हा धडा तरी पक्का झाला का? दक्षिण लंडनमधल्या लेडबरी वसाहतीत त्याच काळातले, त्याच पद्धतीचे चार टॉवर होते. घरांतल्या भेगांबद्दल रहिवासी तक्रारी करत होते. या इमारती १९६८ नंतर मजबूत केल्या गेल्या, असा समज होता. ग्रेनफेलनंतर, २०१७ मध्ये, रहिवाशांच्या रेट्यामुळे तपासणी झाली तेव्हा तसे मजबुतीकरण झाले असल्याची खात्रीच देता येईना. ऑगस्टमध्ये चारही इमारतींचा गॅस तोडावा लागला. रोनन पॉइंटला तेव्हा ४९ वर्षे झाली होती.

लाकानल हाउस : माहीत नसलेली वाट

३ जुलै २००९ रोजी दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या लाकानल हाउस या १४ मजली इमारतीत नवव्या मजल्यावर एका टीव्हीमुळे आग लागली. हिशोबाप्रमाणे ती त्याच घरात राहायला हवी होती. ती खिडक्यांच्या बाहेरून वर चढली आणि धूर आत पसरला. अकराव्या मजल्यावर तीन स्त्रिया आणि तीन मुले मरण पावली. सर्वांत लहान मूल तीन आठवड्यांचे होते. सहापैकी पाच जण एकाच घराच्या न्हाणीघरात सापडले. फोनवर मदत मागणाऱ्यांना घरातच थांबण्यास सांगितले गेले होते.

मृत्यूची न्यायिक चौकशी २०१३ मध्ये पूर्ण झाली. तिच्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली : काही वर्षांपूर्वीच्या नूतनीकरणात खिडक्यांखालच्या जुन्या फळ्या काढून नव्या बसवल्या होत्या आणि आगीपुढे टिकण्यात त्या जुन्यांपेक्षा कमी होत्या. घर दिसायला सुधारले होते, डबा मात्र कमकुवत झाला होता. दुसरी गोष्ट वाचताना जास्त जड जाते. त्या घरांना बाहेरच्या बाजूने गॅलरी होती आणि तिच्यावरून सुटकेची वाट होती. मूळ आराखडा करणाऱ्यांनी ती मुद्दाम ठेवली होती. आत अडकलेल्यांना मात्र तिचा उपयोग झाला नाही.

चौकशी करणाऱ्या न्यायाधीश फ्रान्सिस कर्कहॅम यांनी सरकारला आणि कौन्सिलला पत्रे लिहिली. आगीच्या वेळी काय करायचे हे रहिवाशांना स्पष्ट सांगावे, इमारतीत दिशा आणि सूचना दाखवणारे फलक असावेत, अग्निसुरक्षेच्या सरकारी मार्गदर्शिकेची भाषा सोपी करावी, जुन्या टॉवरांत पाण्याचे फवारे बसवण्यास उत्तेजन द्यावे, असे त्यांनी सुचवले. मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती काढण्याचे आश्वासन सरकारने दिले. ग्रेनफेल पेटला तेव्हा ती निघालेली नव्हती.

ग्रेनफेल : अर्ध्या तासाचे दार

पश्चिम लंडनचा ग्रेनफेल टॉवर १९७४ मध्ये पूर्ण झाला. २४ मजले आणि एकच जिना. मालकी कौन्सिलची, कारभार कौन्सिलने नेमलेल्या भाडेकरू व्यवस्थापन संस्थेचा. त्याचे मोठे नूतनीकरण २०१६ मध्ये संपले. नव्या खिडक्या, नवी तापव्यवस्था, आणि बाहेरून नवे आवरण, ज्याला क्लॅडिंग म्हणतात. या आवरणासाठी आधी जस्ताचे पत्रे ठरले होते. खर्च वाचवण्यासाठी त्यांच्याऐवजी ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिइथिलीन भरलेली तावदाने आली. पॉलिइथिलीन म्हणजे जळणारे प्लास्टिक.

काम चालू असताना रहिवाशांना माहिती दिली जात नव्हती, असे म्हणता येणार नाही. माहितीपत्रके निघत होती. २०१४च्या जुलैमधल्या पत्रकात आगीबद्दलही लिहिले होते : आपले ‘घरातच थांबा’ हे धोरण कायम आहे, घरांची नवी दारे ३० मिनिटांपर्यंत आग अडवतात, तेवढ्यात अग्निशमन दल येते. आगीनंतर पोलिसांनी तिथल्या एका न जळलेल्या दाराची चाचणी घेतली. ते सुमारे १५ मिनिटे टिकले.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म या पत्रकात आहे. रहिवाशांना ‘माहिती’ म्हणून जे मिळत होते ते काम कुठवर आले, कोणत्या दिवशी पाणी बंद, दार किती चांगले, अशा स्वरूपाचे होते. आवरण कशाचे आहे, ते कोणी तपासले, त्यानंतर जुना सल्ला खरा राहतो का, हे त्यात नव्हते. उलट दिशेने जाणारी वाटही खुंटलेली होती. रहिवाशांचा एक गट अग्निसुरक्षेबद्दल वर्षानुवर्षे लिहीत होता. मोठी जीवितहानी झाल्याशिवाय व्यवस्थापनाचे डोळे उघडणार नाहीत, असा इशारा त्याने नोव्हेंबर २०१६ मध्ये दिला होता. चौकशीच्या अंतिम अहवालानुसार व्यवस्थापन संस्था काही रहिवाशांकडे कटकटे उपद्रवी लोक म्हणून पाहत होती आणि दोन्ही बाजूंत विश्वास उरला नव्हता.

१४ जून २०१७च्या रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी चौथ्या मजल्यावरून पहिला फोन गेला. फ्रिजजवळ लागलेली आग खिडकीतून आवरणात शिरली आणि अर्ध्या तासाच्या आसपास छतापर्यंत पोहोचली. सल्ला बदलला गेला तो पावणेतीनच्या सुमारास. मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीने २०१९च्या पहिल्या अहवालात म्हटले, की दीड ते एक पन्नासच्या दरम्यानच सर्वांना बाहेर काढण्याचा निर्णय घ्यायला हवा होता. ७२ माणसे गेली.

एक तपशील छोटा आहे, पण विसरता येत नाही. नूतनीकरणात खालच्या मजल्यांवर नवी घरे झाली, त्यामुळे मजल्यांचे क्रमांक बदलले. जिन्यात मात्र मजल्यांचे आकडे नीट लिहिलेले नव्हते. धुरात वर चढणाऱ्या जवानांना आपण कितव्या मजल्यावर आहोत हे कळत नव्हते.

कृपेकडून हक्काकडे

२०१८ मध्ये ज्युडिथ हॅकिट यांनी इमारत-नियमांचा आढावा घेतला आणि रहिवाशांच्या आवाजाला त्यात स्वतंत्र प्रकरण दिले. त्यानंतर २०२२चा इमारत सुरक्षा कायदा आला. इंग्लंडमध्ये १८ मीटर किंवा सात मजले आणि त्याहून उंच निवासी इमारतींच्या जबाबदार व्यक्तीला आता रहिवाशांशी संवादाचा लेखी आराखडा ठेवावा लागतो. १६ वर्षांवरील प्रत्येक रहिवासी त्यात येतो, मग तो मालक असो की भाडेकरू. रहिवासी सुरक्षेची माहिती मागू शकतो आणि तक्रार न सुटल्यास नियामकाकडे जाऊ शकतो. रहिवाशावरही कर्तव्य आहे : सुरक्षेच्या साधनांशी खेळायचे नाही. २३ जानेवारी २०२३ पासूनच्या अग्निसुरक्षा नियमांनुसार आगीच्या सूचना ठळक जागी लावायच्या, नव्या रहिवाशाला द्यायच्या आणि दर वर्षी पुन्हा द्यायच्या. उंच इमारतींच्या जिन्यांत मजल्याचे आकडे अंधारात, धुरातही दिसतील असे लावायचे. जिन्यातल्या त्या आकड्यासाठी कायदा व्हावा लागला.

महाराष्ट्रात याच प्रश्नाचे रूप निराळे आहे. आपल्याकडे ‘घरातच थांबा’ची परंपरा नाही, उंच इमारतींत रेफ्यूज एरिया ठेवण्याची आहे. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने आगीच्या यंत्रणेची जबाबदारी मालक आणि भोगवटादारावर टाकली आहे. यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटची तरतूद आहे. कागदाचा प्रवास इथेही संस्थेकडून अधिकाऱ्याकडे आहे. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला तो कुठे भेटतो? तो सभासद नसल्यामुळे वार्षिक सभेला येत नाही, आणि इतिवृत्त त्याच्या दाराशी जात नाही.

लंडनमध्ये रहिवासी भाडेकरू होते आणि मालक दूरच्या कचेरीत बसलेला होता. आपल्या सोसायटीत मालक म्हणजे आपणच, त्यामुळे दोष देण्यासाठी कौन्सिलही हाताशी नाही. जानेवारी-जुलैच्या प्रमाणपत्राची एक प्रत सूचना फलकावर लावायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. रेफ्यूज एरिया कितव्या मजल्यावर आहे, त्याच्या दाराला कुलूप आहे का, पंपाची शेवटची चाचणी कधी झाली, दुरुस्तीत इमारतीच्या बाहेरून काय चढवले गेले, हे चार ओळींत, घरकामाला येणाऱ्या बाईंनाही वाचता येईल अशा भाषेत लिहिता येते. आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात वायरचा जळका वास येतो म्हणाल्या, तर ती कुरबुर न समजता तारखेनिशी वहीत नोंदवता येते. रोनन पॉइंटमध्ये खरी माहिती अशाच वासातून येत होती.