बेडकांना चड्ड्या शिवणारा माणूस

विज्ञानातले हसण्यावारी नेलेले प्रयोग काढायला बसले, तर बेडकांना चड्ड्या शिवणारा इटलीचा लाझारो स्पालान्झानी हमखास आठवतो. माझ्या मते हे हसू चुकीच्या जागी आहे. गर्भधारणेचा प्रश्न तर्काच्या हातून काढून प्रयोगाच्या हाती दिला, तो याच चड्ड्यांनी. गायीच्या किंवा माणसाच्या पोटाआड जे घडते, ते बेडूक उघड्या पाण्यात उरकतो. नर मादीच्या पाठीवर चढून पुढच्या पायांनी तिला कवळतो आणि अंडी बाहेर पडत असताना त्यांवर आपला स्राव सोडतो. न्यूरेंबर्गचा चित्रकार र्‍योजेल फॉन रोझेनहोफ याने १७५८च्या ग्रंथात ही मिठी, अंड्यांचे बुळबुळीत पुंजके, शेपटीवाली पिल्ले, सगळे रंगवून ठेवले होते. पण चित्राने वाद मिटत नव्हता. स्राव अंड्याला लागावाच लागतो, की त्याची नुसती वाफही पुरते? फ्रान्समध्ये रेओम्यूर आणि नोले यांनी नराला चड्डी घालून पाहिली, पण हाती काही लागले नाही. पाव्हियात प्राध्यापक असलेल्या स्पालान्झानीने तीच युक्ती तडीस नेली. मेण चढवलेल्या रेशमी कापडाची चड्डी घातलेल्या नराने मिठी काही सोडली नाही. अंडी मात्र वाया गेली. मग चड्डीत साठलेले थेंब त्याने अंड्यांना लावले, आणि ती वाढू लागली.

यावर आक्षेप असा, की त्याचा निष्कर्षच चुकला. आक्षेप खरा आहे. स्राव कागदातून गाळला की खाली उतरलेले पाणी निकामी ठरते आणि कागदावरचा गाळ अंडी फलित करतो, हे त्याने स्वतः पाहिले. तरीही डच निरीक्षक लेव्हेनहुकला सूक्ष्मदर्शकातून १६७७ साली दिसलेले शुक्रजंतू त्याला निरुपयोगीच वाटले, कारण गर्भ अंड्यात आधीपासून तयार असतो यावर त्याची श्रद्धा होती. (निरीक्षणात इतका काटेकोर माणूस इथे मात्र अडला, याचे नवल वाटते.) पण त्याने आपले प्रयोग १७८० साली सविस्तर छापले. पुढे १८२४ साली प्रेव्हो आणि द्युमा या संशोधकांनी गाळण्याचाच मार्ग धरला आणि शुक्रजंतूंशिवाय अंडे फलित होत नाही, असे ठामपणे मांडले. निष्कर्षाचे श्रेय या दोघांना जरूर द्यावे. प्रयोगाचे श्रेय मात्र पाव्हियाच्या त्या प्राध्यापकाचेच.