तीन गाड्यांचा एक ढीग

साल १९०८. लंडनजवळचा ब्रुकलँड्स ट्रॅक. रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली तीन एकसारख्या कॅडिलॅक गाड्या पार नटबोल्टपर्यंत खोलल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, गिअर, सगळं एका ढिगात कालवलं. एवढ्यावर समाधान नाही म्हणून पंचांनी त्यातले ८९ भाग बाजूला काढले आणि विक्रेत्याच्या स्टॉकमधले सुटे भाग त्या जागी दिले. मेकॅनिकांना म्हणाले, आता करा तीन गाड्या उभ्या. हत्यारं म्हणजे पाने, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, पक्कड. कानस मारायची नाही!

आज यात काय विशेष, असं वाटेल. पण तेव्हा बहुतेक कारखान्यांत फिटर प्रत्येक भाग घासून-घासून शेजारच्या भागाला बसवायचा. एका गाडीचा पिस्टन दुसरीत जाईलच याचा भरवसा नव्हता. कॅडिलॅकचा हेन्री लेलँड मात्र बंदुकांच्या कारखान्यात शिकलेला माणूस. भाग मोजून बनवायचा, मागाहून घासायचा नाही, हे त्याचं वेड.

गाड्या उभ्या राहिल्या. रंगीबेरंगी ध्यान दिसत होत्या म्हणे, पण ५०० मैल धावल्या आणि ड्युअर ट्रॉफी कॅडिलॅकला मिळाली. आपण ज्याला 'इंटरफेस सांभाळा, आतलं काहीही बदला' म्हणतो, ते या लोकांनी लोखंडात करून दाखवलं :)

आता गंमत बघा. आज इंजिनाचं काम करणाऱ्या कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला विचारा, "दोन नंबरच्या रॉडची कॅप तीनला लावू का?" तो तुम्हाला गॅरेजबाहेर काढेल. रॉडच्या मोठ्या टोकाचं भोक कॅप बोल्टने आवळूनच बोअर केलेलं असतं. कॅप बदलली किंवा नुसती उलटी लावली, की गोलाई गेली. बेअरिंग आणि क्रँकमध्ये तेलाला जेमतेम केसापेक्षा कमी जागा असते, तीही बिघडते. ३००० आरपीएमला पिस्टन सेकंदात शंभर वेळा दिशा बदलतो. तेलाचा थर तुटला की बेअरिंग जळतं, आणि नशीब फारच खोटं असेल तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून खोलण्याआधी रॉड आणि कॅप दोन्हींवरचे नंबर बघायचे, पिस्टनवरचा बाण कुठल्या दिशेला आहे ते टिपून ठेवायचं.

१९९० च्या दशकापासून तर उलटंच तंत्र रुळलं. रॉड अखंड बनवायचा आणि मोठं टोक मुद्दाम तडकवून दोन तुकडे करायचे. तुटलेल्या कडांचा खडबडीतपणा एकमेकांत इतका नेमका बसतो की कॅप तसूभरही सरकत नाही. अंगडियाच्या फाटक्या नोटेसारखं, दुसरा तुकडा जगात एकच. लेलँड बघून चक्रावला असता!

अशा रॉडला पंचाने खुणा ठोकायच्या नाहीत, मार्करने नंबर टाकायचा. तुटलेल्या कडेवर कानस नाही, पॉलिशपेपर नाही. आणि कॅप हरवलीच, तर नुसती कॅप दुकानात मिळत नाही, अख्खा रॉड घ्यावा लागतो.